एकच संपादक, दोन मासिकं: एक चार अंकांत आटोपलं, दुसरं अजून निघतंय

ऑक्टोबर १९३३ मध्ये अमेरिकेत 'मिस्टरी लीग' नावाचं रहस्यकथांचं मासिक निघालं. संपादक म्हणून नाव होतं एलरी क्वीन. जानेवारी १९३४ चा चौथा अंक निघाला आणि मासिकाने मान टाकली. पुढे १९४१ च्या अखेरीस त्याच संपादकाने पुन्हा एक रहस्यकथांचं मासिक काढलं, 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन'. ते आजतागायत निघतंय. या ऐंशीहून जास्त वर्षांत त्याचे मालक अनेकदा बदलले, संपादक मात्र फक्त चार झाले.

माणूस तोच, विषय तोच, वाचकही साधारण तेच. मग एक मासिक वर्षभरही का जगलं नाही आणि दुसरं चार पिढ्या का टिकलं? 'लोकांना खून आणि कोडी आवडतात' हे उत्तर दोन्ही मासिकांना सारखंच लागू पडतं, म्हणून ते इथे कामाचं नाही. माझ्या मते उत्तर दुसऱ्या मासिकाच्या संपादकीय धोरणात आहे, त्यातही एका वजाबाकीत.

नाव एक, माणसं दोन

एलरी क्वीन नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. ब्रुकलिनमध्ये १९०५ साली जन्मलेल्या फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली या दोन मावसभावांचं ते सामाईक टोपणनाव. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या गुप्तहेराचंही नाव तेच, त्यामुळे पुस्तकावर छापलेला लेखक आणि पुस्तकातला नायक एकच, असा गमतीशीर मामला. पहिली कादंबरी १९२९ मध्ये आली आणि तीन-चार वर्षांत हे नाव अमेरिकेत घरोघरी पोचलं. लिखाण दोघांचं, पण नंतरच्या मासिकाचा संसार एकट्या डॅनेचा. ली त्यात जवळजवळ नव्हताच. तेव्हा यापुढे 'संपादक' म्हटलं की डॅनेच समजावा.

'मिस्टरी लीग' बुडण्याची ढोबळ कारणं सहज सांगता येतात. १९३३ साली मंदी भर जोरात होती, अमेरिकेत दर चार कामगारांतला एक जण घरी बसलेला. मागे उभी असलेली प्रकाशन संस्था पन्नास सेंटच्या बांधीव रहस्यकादंबऱ्या सिगारेटच्या दुकानांतून विकणारी, आणि ती स्वतःच गाळात रुतत चालली होती. पण मला महत्त्वाचं वाटतं ते मासिकाचं स्वरूप. प्रत्येक अंकात एक पूर्ण कादंबरी असायची आणि तिच्या अवतीभोवती कथा, कोडी आणि किरकोळ मजकूर. म्हणजे मासिकाचा मुख्य माल कादंबरीच, कथा केवळ तोंडी लावायला. ज्याला कादंबरीच वाचायची आहे तो ग्रंथालयात जाईल, पुस्तक विकत घेईल. पुढच्या महिन्याच्या अंकाची त्याने वाट का पाहावी?

दुसऱ्या वेळी डॅनेने कादंबरी काढून टाकली आणि अंक फक्त कथांचा केला. मी म्हणतो ती वजाबाकी हीच.

१९४१: सात कथा, पंचवीस सेंट

त्या काळी अमेरिकेत रहस्यकथा दोन ठिकाणी छापून येत. एक म्हणजे खरबरीत, पिवळट कागदावरची स्वस्त 'पल्प' मासिकं. त्यांतलं सगळ्यांत नावाजलेलं 'ब्लॅक मास्क'. ते १९२० साली एच. एल. मेंकन आणि जॉर्ज जीन नेथन यांनी काढलं, पण रहस्यकथेच्या प्रेमापोटी अजिबात नव्हे. त्यांच्या साहित्यिक मासिकाचा तोटा भरून काढायला पैसा हवा होता. आठ अंकांनंतर त्यांनी ते चांगल्या नफ्यात विकूनही टाकलं. पुढे त्याच मासिकात डॅशिएल हॅमेटसारखा नामांकित रहस्यकथाकार घडला, ही त्यांच्या डोळ्यांदेखत निसटलेली गोष्ट. दुसरं ठिकाण म्हणजे गुळगुळीत कागदाची मोठी कौटुंबिक साप्ताहिकं. तिथे पैसा भरपूर, पण रहस्यकथेला जागा अधूनमधूनच. पल्प मासिक चारचौघांत उघडायला संकोच वाटणारा आणि साप्ताहिकातल्या एका कथेने पोट न भरणारा असा मधला वाचक मोठा होता. त्याच्यासाठी काहीच निघत नव्हतं.

नोव्हेंबर १९४० मध्ये डॅनेचा मोटारीचा भीषण अपघात झाला आणि तो मरता मरता वाचला. त्याच सुमारास नव्या मासिकाचा बेत आकाराला येत होता. त्याला प्रकाशक मिळाला लॉरेन्स स्पिव्हॅक, 'द अमेरिकन मर्क्युरी' या वजनदार मासिकाचा मालक. (हाच स्पिव्हॅक पुढे 'मीट द प्रेस' या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे देशभर प्रसिद्ध झाला.) स्पिव्हॅककडे लहान आकाराच्या, कागदी बांधणीच्या स्वस्त रहस्यकादंबऱ्यांची मालिका आधीपासून चालू होती. म्हणजे छापखाना, कागद, वितरक, स्टॉलवरची जागा, सगळं तयार. नवं मासिक त्याच साच्यात बसवलं: हातात मावणारा आकार, किंमत पंचवीस सेंट, आणि जॉर्ज साल्टर या नामवंत ग्रंथसजावटकाराच्या हाताखालून गेलेली मांडणी. पहिल्या अंकात कथा सात. लेखकांत हॅमेट, मार्जरी ॲलिंगहॅम, कॉर्नेल वुलरिच, आणि पुलित्झर मिळवलेला टी. एस. स्ट्रिबलिंग. एक कथा खुद्द क्वीनची. मासिक सुरुवातीला त्रैमासिक होतं, लवकरच द्वैमासिक झालं आणि १९४६ पासून मासिक.

सुरुवातीच्या अंकांतल्या बहुतेक कथा आधी कुठे ना कुठे छापून आलेल्या होत्या. हे कमीपणाचं वाटेल, पण धंद्याच्या दृष्टीने तोच हुकमी एक्का होता. पुनर्मुद्रणाला मानधन कमी लागतं आणि डॅने स्वतः कथासंग्रहांचा नादी संग्राहक. १८४५ पासूनचे महत्त्वाचे रहस्यकथासंग्रह निवडून त्याने १९५१ साली 'क्वीन्स कोरम' ही सूची प्रसिद्ध केली, तिच्यात १०६ पुस्तकं आहेत. त्याचा संग्रह पुढे टेक्सास विद्यापीठाकडे गेला. जुन्या पल्प अंकांत कुजत पडलेल्या हॅमेटच्या कथा त्यानेच शोधून मासिकात आणि मग स्वस्त संग्रहांत पुन्हा छापल्या. हॅमेटचा कथाकार म्हणून जो दबदबा आज आहे, त्यात या उचापतीचा वाटा बराच मोठा आहे.

अकरा शब्दांचं एक वाक्य

लघुरहस्यकथेत असं काय असतं, जे कादंबरीत नसतं? तात्त्विक चर्चेपेक्षा एक कथा जवळून पाहिलेली बरी. एप्रिल १९४७ च्या अंकात हॅरी केमेलमन नावाच्या शिक्षकाची पहिली कथा आली, 'द नाइन माइल वॉक'. निकी वेल्ट हा प्राध्यापक आणि त्याचा सरकारी वकील मित्र बोलत बसलेले. वेल्ट पैज लावतो: दहा-बारा शब्दांचं कुठलंही वाक्य दे, त्यावरून तुझ्या ध्यानीमनी नसलेल्या निष्कर्षांची साखळी जोडून दाखवतो. वकील तोंडाला येईल ते वाक्य टाकतो. अर्थ असा की नऊ मैल चालणं म्हणजे काही चेष्टा नव्हे, त्यातून पावसात. मूळ इंग्रजीत मोजून अकरा शब्द.

वेल्ट धागा उलगडायला लागतो. बोलणारा वैतागलेला आहे. पाऊस त्याला अनपेक्षित होता, नाहीतर त्याने 'त्यातून' असं मागाहून जोडलं नसतं. तो काही रोज चालणारा गडी नाही. 'नऊ' हा आकडा नेमका आहे. माणूस अंदाजाने बोलतो तेव्हा दहा म्हणतो, म्हणजे ठरावीक ठिकाणाहून ठरावीक ठिकाणी तो गेला. बस किंवा गाडी मिळाली नाही, म्हणजे रात्र उलटून गेलेली. मग मध्यरात्र ते पहाट यांमधली वेळ, मग नकाशावरची दोन गावं, मग एक आगगाडी. शेवट सांगत नाही. कारकुनी पायरीने पुढे सरकणारा खेळ अचानक खराखुरा गुन्हा होतो, एवढंच.

केमेलमन ही कल्पना चौदा वर्षं डोक्यात घोळवत होता. पण छापील कथा जेमतेम काही पानांची. हेच वाक्य धरून तीनशे पानांची कादंबरी लिहायची तर प्रेमप्रकरण, घरगुती भांडणं, दुसरा खून, तिसरा संशयित असं सगळं भरताड घालावं लागलं असतं आणि तर्काची तार सैल पडली असती. कथेत वाचकाला पहिलं वाक्य आठवत असतानाच शेवटचं वाक्य समोर येतं. पुरावा आणि निकाल एकाच बैठकीत. लोकलमध्ये बसलेल्या, दुपारच्या सुट्टीत डबा खाणाऱ्या किंवा दिवा मालवायच्या आधी थोडंसं वाचणाऱ्या माणसाला हा हिशेब पटतो. शिवाय अंकात आठ-दहा कथा असल्या की दोन फसल्या तरी तक्रार नसते. फसलेली कादंबरी मात्र आठवडा खाते.

'पहिली कथा' आणि दुसरं बक्षीस

नुसत्या पुनर्मुद्रणावर मासिक फार दिवस चालत नाही, कारण जुना माल कधीतरी संपतो. डॅनेने दोन गोष्टी केल्या. एक, ज्याची आजवर एकही कथा छापलेली नाही अशांसाठी वेगळं सदर. जेम्स याफे या शाळकरी मुलाने पंधराव्या वर्षी लिहिलेली कथा त्याने १९४३ मध्ये छापली. १९४८ च्या मे महिन्यात स्टॅन्ली एलिनची पहिली कथा आली. त्याआधी एलिनने पोलादाच्या कारखान्यात काम केलं होतं, दूधदुभत्याचा धंदाही केला होता. कथा एका छोट्या खानावळीची आणि तिथे क्वचितच मिळणाऱ्या एका मांसाच्या पदार्थाची. शेवटी काय घडतं ते लेखक स्पष्ट सांगतच नाही, आणि ती कथा एवढी गाजली त्याचं कारण तेच. एलिन पुढे वर्षाला साधारण एक कथा लिहायचा आणि ती डॅनेकडे पाठवायचा. असा धिमा लेखक कुठल्या प्रकाशकाला परवडणार? मासिकाला परवडतो.

दुसरी गोष्ट, वार्षिक कथास्पर्धा. पहिल्या स्पर्धेचा निकाल १९४६ चा. दोन हजार डॉलरचं पहिलं बक्षीस मॅन्ली वेड वेलमनला मिळालं, दुसऱ्या बक्षिसाचे अडीचशे डॉलर विल्यम फॉकनरला. होय, तोच फॉकनर, ज्याला पुढे १९४९ चं नोबेल मिळालं. त्याला हे चांगलंच झोंबलं. फ्रान्समध्ये आपल्याला साहित्यचळवळीचा जनक मानतात आणि घरी रहस्यकथांच्या स्पर्धेत दुसरा नंबर, असं त्याने आपल्या एजंटला उद्वेगाने लिहून कळवलं. मला या निकालात गंमत दिसते ती वेगळीच: परीक्षकांनी नाव पाहून नंबर दिला नाही.

ऑगस्ट १९४८ च्या अंकात तर आणखी मोठी मजा आहे. अर्जेंटिनाच्या होर्हे लुइस बोर्हेसची कथा इंग्रजीत पहिल्यांदा छापून आली ती या खूनबाजीच्या मासिकात. अनुवाद अँथनी बाउचरचा. इंग्रजीतल्या प्रतिष्ठित वाङ्मयीन नियतकालिकांना बोर्हेस कळायला बराच वेळ लागला. इथे मात्र ती कथा नीट जागेवर बसली, कारण ती खरोखरच हेरकथा आहे: महायुद्ध, पाठलाग, खून, आणि त्या खुनाचं कारण अखेरच्या परिच्छेदात. तत्त्वज्ञान आहे, पण ते सांगाड्याच्या आत.

इतकं सगळं करणारा संपादक आदर्श होता का? नाही. डॅने लेखकांना न विचारता कथांची शीर्षकं बदलायचा, बरेचदा वाईट शीर्षकं द्यायचा. प्रत्येक कथेच्या डोक्यावर त्याची लांबलचक टीप असे. ओळख, आठवण, फुशारकी, कधीकधी चक्क कथेचा अर्धा सुगावा. काही लेखक वैतागत. पण वाचकांना त्या टिपा हव्या असत. कोणीतरी जाणकार माणूस शेजारी बसून 'आता हे वाचा' म्हणतोय असं त्यांना वाटायचं. संपादकाचा असा आवाज ऐकू येणारी मासिकं आज कमी झाली आहेत.

एकही अंक न चुकवणारा माणूस

मासिकाच्या लयीवर लेखक कसा घडतो याचं टोकाचं उदाहरण म्हणजे रॉचेस्टरचा एडवर्ड हॉक. मे १९७३ पासून या मासिकाच्या प्रत्येक अंकात त्याची कथा आली. प्रत्येक म्हणजे अक्षरशः प्रत्येक. तो १७ जानेवारी २००८ ला वारला तेव्हाही हा क्रम तुटलेला नव्हता, आणि हातात असलेल्या कथा नंतरही छापल्या गेल्या. आयुष्यभराचा आकडा साडेनऊशे कथांच्या आसपास. कादंबऱ्या मोजक्या, आणि त्यांच्यासाठी त्याला कोणी ओळखत नाही.

त्याची युक्ती सोपी होती, राबवायला मात्र कठीण. एक नायक न धरता त्याने पाच-सहा धरले आणि आलटून पालटून आणले. निक वेल्व्हेट फक्त निरुपयोगी वस्तू चोरतो, त्यामुळे कोडं चोरीचं नसून 'ही भिकार वस्तू कोणाला कशाला हवी?' याचं. म्हातारा डॉक्टर सॅम हॉथॉर्न ग्लासात काहीतरी ओतत तरुणपणच्या अशक्य गुन्ह्यांच्या आठवणी सांगतो. डिसेंबर १९७४ मधली त्याची पहिली गोष्ट अशी: बर्फावर चाकोऱ्या उमटवत एक घोडागाडी छप्पर असलेल्या लाकडी पुलात शिरते. पलीकडे बर्फ कोरं. गाडी, घोडा, माणूस, सगळं गायब. वाचक या माणसांना महिन्याकाठी भेटायचा, गल्लीतल्या ओळखीच्या दुकानदाराला भेटावं तसा. कादंबरीमालिकेत ही भेट वर्षाने होते. आयझॅक ॲसिमोव्हनेही १९७२ पासून महिन्याला एकत्र जेवणाऱ्या मित्रमंडळाच्या कथा इथेच सुरू केल्या. त्यांत दर वेळी कोडं सोडवतो तो वाढपी.

मग बाकीची का मेली?

याच बाजारात इतरही उतरले होते. 'मॅनहंट' १९५३ मध्ये आलं, 'द सेंट' त्याच साली. दोन्ही १९६७ ला संपली. 'माइक शेन' १९५६ ते १९८५. १९५६ मध्येच निघालेलं 'आल्फ्रेड हिचकॉक्स मिस्टरी मॅगझिन' तेवढं वाचलं. हिचकॉकने त्याला नावाशिवाय काही दिलं नाही, आणि पुढे ते क्वीनच्याच मालकाच्या छत्राखाली आलं. १९५७ मध्ये अमेरिकन न्यूज कंपनी या सर्वांत मोठ्या वितरकाने हात वर केले तेव्हा स्टॉलवर जगणाऱ्या कितीतरी मासिकांचा गळा आवळला गेला. क्वीनचं मासिक साधारण त्याच वेळी डेव्हिस या प्रकाशकाकडे गेलं. पुढे त्याचा भर हळूहळू टपालाने अंक मागवणाऱ्या वर्गणीदारावर राहिला. वर्गणीदार मुखपृष्ठ पाहून अंक घेत नाही, सवयीने घेतो. अशी सवय लावायला अंकाचा दर्जा टिकून राहावा लागतो, आणि तो टिकतो संपादक टिकले तर. डॅने १९८२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत. मग त्याच्याच हाताखाली तयार झालेली एलेनॉर सलिव्हन, १९९१ पर्यंत. मग जॅनेट हचिंग्ज, तब्बल तीन दशकांहून जास्त. हचिंग्जच्या काळात २००३ पासून दुसऱ्या भाषांतल्या कथांच्या अनुवादांचं नियमित सदर सुरू झालं. जपानमध्ये १९५६ सालीच या मासिकाची जपानी आवृत्ती निघाली होती, ती आज हायाकावा प्रकाशनाचं स्वतंत्र रहस्यमासिक म्हणून चालू आहे.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. अनंत अंतरकरांचं 'नवल' गूढ आणि अद्भुत कथेला वाहिलेलं होतं. 'धनंजय'चा दिवाळी अंक घेतल्याशिवाय ज्यांची दिवाळी होत नाही अशी घरं आहेत. बाबूराव अर्नाळकरांनी तर हजाराच्या वर छोट्या रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. मराठी वाचकाला रहस्यकथेचं वावडं होतं असं कोणी म्हणू नये. पण दरमहाचा अंक मावळला आणि सगळा भार दिवाळीवर आला. दिवाळी अंकात चांगली कथा येऊ शकते, येतेही. हॉक मात्र तयार होत नाही. वर्षातून एकदाच मैदान मिळणाऱ्याला पाच-सहा नायक फिरवत ठेवायची गरजच पडत नाही.

अमेरिकेतही महिन्याची लय आता राहिलेली नाही. २०१७ पासून अंक द्वैमासिक झाला, वर्षाला सहा जोडअंक. मधल्या काळात किंडलवरच्या वर्गणीने हात दिला होता. ॲमेझॉनने ती सोय सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली आणि छोट्या कथामासिकांची पंचाईत झाली. २०२५ मध्ये हिचकॉकच्या आणि दोन विज्ञानकथा मासिकांच्या जोडीने हेही नव्या मालकाकडे गेलं आणि जॅकी शेरबो ही चौथी संपादक झाली.

नवलेखकांचं सदर मात्र चालूच आहे. आधीच्या मालकाच्या काळात मासिकाचा जाहीर दर शब्दाला पाच ते आठ सेंट होता. पाच हजार शब्दांच्या कथेला खालच्या दराने अडीचशे डॉलर होतात, म्हणजे १९४६ मध्ये फॉकनरला दुसऱ्या बक्षिसाचे मिळाले होते, तेवढेच.